आभाळाची मोजणी

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलंत, "आभाळात साखळी टाकता येत नाही, मग तुमची मोजणी खरी काहून मानायची?" फोनवर सांगणं जमेना, म्हणून पत्र. आईला वाचून दाखवा, ती "पण" म्हणेल तिथं थांबा.

एका मोजणीवर आम्हीही विसंबत नाही. धुऱ्याच्या वादात तुम्ही वावर दोन्हीकडून मोजायला लावलं होतं, तसंच. दूरच्या दीर्घिकांचं अंतर एकदा उजेडावरून काढतात: एका जातीचा तारा फुटला की त्याचा मूळ उजेड किती ते माहीत असतं, इथं तो किती मंद दिसतो ते बघायचं. दुसऱ्यांदा आकारावरून: दीर्घिकांच्या जोड्या साधारण 49 कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरानं थोड्या जास्त सापडतात. ते अंतर आभाळात केवढ्या कोनात मावतं, त्यावरून लांबी कळते.

गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं सारखी यायलाच नकोत. प्रकाश निघाल्यापासून विश्व दुप्पट ताणलं असेल, तर उजेडाचं अंतर कोनाच्या अंतराच्या चौपट यावं, तिप्पट ताणलं असेल तर नऊपट. एथरिंग्टन नावाच्या गणितज्ञांनी हे 1933 मध्ये दाखवलं. पट जुळली नाही, तर वाटेत काहीतरी उजेड खातंय, नाहीतर गुरुत्वाकर्षणाबद्दलची आमची समजूतच कच्ची आहे.

1998 मध्ये असे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद दिसले आणि विश्वाचा फैलाव वेग घेतोय असं ठरलं. त्याला 2011 चं नोबेल मिळालं. तेव्हाही कुणी म्हणालंच, धूळ असेल मधे. पण धुळीनं उजेडाची मोजणी फुगते, कोनाची नाही. म्हणून हा ताळा महत्त्वाचा, आणि आजवर तरी ठोस तफावत निघालेली नाही.

माझं डोकं दुखतं ते वेगळ्याच गोष्टीनं. दोन्ही मोजण्या नेमक्या एकाच टप्प्यावरच्या नसतात. मधल्या जागा गणितानं भराव्या लागतात, आणि भरायची रीत बदलली की उत्तरही जरा सरकतं. मला विचाराल तर अर्ध्या वादांचं मूळ इथंच आहे.

गुरुत्वीय लहरींवरूनही, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांवरूनही, अंतर निघतं, त्यांना धूळ आडवी येत नाही. त्या टिपणारी वेधशाळा आपल्या वाशीमच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यातच व्हायची आहे, 2023 मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. कापूस वेचून झाला की बाबा, तिकडं एक चक्कर मारू. आईलाही न्यायचं, औंढ्या नागनाथाचं दर्शन तिचं कधीचं राहिलंय.

तुमची,
मोठी