मान दुखत होती, पण सोनारकामाने नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मानदुखीवर लेख आला होता. मोबाइल, जाड उशी, खाली मान घालून करायची कामं अशी कारणं त्यात दिली होती. ती खोटी नाहीत. पण अख्ख्या लेखात 'अपघात' हा शब्द कुठं सापडला नाही, आणि माझं दीड वर्ष तिथंच वाया गेलं, म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूरच्या गुजरीतला सोनार, वय ५६. कोल्हापुरी साजाची पानं करण्यात उभा जन्म गेला. दिवसाचे आठ-नऊ तास मान खाली, एका हातात चिमटा, तोंडात फुंकणी. त्यामुळे ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी धंदा विचारला आणि तिथंच निदान संपवलं. "सोनार ना? मग दुखणारच." अहो, पण अपघाताच्या आधी चाळीस वर्षं मी हेच काम करत होतो, तेव्हा का नाही दुखली?

झालं होतं असं. पुण्याहून येताना किणी टोलनाक्याच्या रांगेत आमची गाडी उभी होती. भाचा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी. मागं बसलेल्या बायकोला काहीतरी सांगायला मी मान डावीकडून मागं वळवली आणि त्याच क्षणी मागून जीप येऊन आदळली. बंपर गेला, डिकी दबली. रक्ताचा थेंब नाही. जीपवाल्याशी भांडलो, चहा प्यायलो, घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना डोकं हाताने उचलावं लागलं. माझ्या सीटचं हेडरेस्ट अगदी खाली दाबलेलं होतं, मानेच्या बुडाशी. ते डोक्याच्या मागं असायला हवं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

एक्स-रे झाला. हाड मोडलेलं नाही म्हणाले. पट्टा दिला, तो दोन महिने घातला. एका ओळखीच्या मालिशवाल्याने मान कडाकडा मोडून दिली (हे मात्र कुणी करू नका). मग एमआरआय. रिपोर्टमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यामधली चकती फुगलीय असं लिहून आलं आणि ऑपरेशनची भाषा सुरू झाली. फिजिओथेरपी शिकणाऱ्या माझ्या मुलीने तेव्हा माझ्यापुढं एक अभ्यास ठेवला. जपानमध्ये मानेची काही तक्रार नसलेल्या १२११ माणसांचे एमआरआय काढले होते, त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. म्हणजे माझी चकती दिसत होती हे खरं, पण दुखणं तिचंच आहे हे कुणी तपासलंच नव्हतं. एका ठिकाणी तर "मनाचं आहे" असंही ऐकून घेतलं. त्या रात्री मात्र फार वाईट वाटलं.

शेवटी मिरजेला एका वेदनातज्ज्ञांकडे गेलो. मूळचे ते भूलतज्ज्ञ. त्यांनी फोटो बाजूला ठेवले आणि विचारलं, "काका, एका बोटानं दाखवा." मी मानेच्या डाव्या अंगाला बोट ठेवलं आणि खांद्याच्या फऱ्यापर्यंत खाली आणलं. हाताला मुंग्या नाहीत, पकड सैल नाही, चालताना तोल जात नाही, हे त्यांनी नीट पाहिलं. तसं काही असतं तर गोष्ट वेगळी, असं म्हणाले. प्रत्येक दोन मणक्यांच्या मागच्या अंगाला डाव्या-उजव्या बाजूला एकेक छोटा सांधा असतो. मागून धक्का बसला की मान क्षणभर नागमोडी वाकते आणि हे सांधे चेंगरतात. ते एमआरआयमध्ये बहुतेक वेळा धडधाकटच दिसतात. मला हे लगेच पटलं. साखळीतल्या कडीचा डाक (झाळलेला जोड) आतून सुटलेला असला तर भिंगातूनसुद्धा दिसत नाही, ओढून बघावी लागते.

त्यांनीही तसंच 'ओढून' बघितलं. त्या सांध्याची वेदना वाहून नेणाऱ्या दोन बारीक नसांजवळ, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, थेंबभर भुलीचं औषध. मग हातात कागद दिला : दर अर्ध्या तासाला दहापैकी किती दुखतंय ते लिहायचं. आधी सात होतं. अर्ध्या तासात एक. मिरज स्टेशनवर मागून कुणीतरी हाक मारली आणि मी नुसती मान वळवून बघितलं, सगळं अंग फिरवलं नाही. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा. हातकणंगले आलं तसं परत दुखायला लागलं आणि मी हसत होतो. औषधाचा असर तेवढाच टिकणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पण या वेळी जास्त वेळ टिकणारं औषध, आणि कुठलं ते मला आधी सांगितलं नाही. दुखणं रात्रीपर्यंत गप्प. एकाच इंजेक्शनवर विश्वास ठेवला तर फसगत होते, म्हणून दोनदा. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी १९९५ साली अशाच दुहेरी चाचणीने, अपघातानंतर मान दुखत राहिलेले ५० रुग्ण तपासले; ५४ टक्के लोकांचं दुखणं या सांध्यांतलं निघालं. म्हणजे सगळ्यांचं नव्हे, हेही मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं.

पुढं त्याच नसा सुईने तापवून बधिर केल्या. कायमचं नाही हं, नस पुन्हा वाढते. माझं दुखणं अकराव्या महिन्यात थोडं परतलं, तेव्हा पुन्हा करून घेतलं. मधल्या काळात मुलगी मानेचे व्यायाम घेते, कंटाळा आला तरी.

एक राहिलं. नुकसानभरपाईचं वकिलांना विचारलं तर म्हणाले, मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अर्ज सहा महिन्यांत करायला हवा होता. माझ्या दुखण्याचं नाव मला कळलं एकोणिसाव्या महिन्यात. मान मोडली नाही म्हणून पहिल्या केसपेपरवर तर 'किरकोळ मार' एवढंच लिहिलं होतं.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख आला, तर हेडरेस्टचं एक चित्र तेवढं छापा.

आपला,
एक वाचक, गुजरी, कोल्हापूर