मलिद्यात दूध नसतं!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला बेने इस्रायलींवरचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंवरचा लेख वाचला. हेतू चांगला, छपाई सुबक. पण शेजारच्या चौकटीतली मलिद्याची, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या ताटातल्या गोड पोह्यांची कृती छापण्याआधी कुणी करून पाहिली होती का? म्हणे पोहे गरम दुधात भिजवा, वरून साजूक तूप सोडा! मलिद्यात दूध नसतं, तूपही नसतं. पुढे बहुधा मटणाचं जेवण असतं आणि ज्यू धर्मात मांस नि दूध एका जेवणात चालत नाही. म्हणून तर त्यांच्या मटणात नारळाचा रस पडतो आणि रोश हशनाचा, म्हणजे ज्यू नववर्षाचा हलवाही गव्हाचा चीक नारळाच्या रसात आटवून करतात. कोकणात नारळाला काय तोटा!

कृती अशी. जाडे पोहे अर्धा किलो, चाळणीत दोनदा पाण्याखालून काढून पंधरा मिनिटं निथळत ठेवायचे. भिजत घालायचे नाहीत. एका मोठ्या नारळाचा चव आणि पाव किलो चिरलेला गूळ (काही घरांत साखर) आधी हाताने चुरून एकजीव करायचा, मग त्यात पोहे. उलट केलं की गुळाचे खडे राहतात आणि ते मोडता मोडता पोह्यांचा लगदा होतो. मग वेलची, जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप. ताटात ढीग रचून भोवती खजुरासकट पाचेक प्रकारची फळं मांडायची. दुधातल्या पोह्यांचा ढीग उभाच राहत नाही. एलियाहू हन्नाबीची (प्रेषित एलियाची) प्रार्थना संपेस्तोवर फळं खाली रुतलेली असतात. केळ्याचंही ध्यानात ठेवा: झाडाच्या फळांची ब्राखा (खाण्याआधीची प्रार्थना) वेगळी, जमिनीतून येणाऱ्यांची वेगळी, आणि केळं दुसऱ्यात मोडतं.

आता शीर्षक, 'मलिदा खाणारे पाहुणे'. एरवी हा शब्दप्रयोग आपण कंत्राटदारांसाठी राखून ठेवता. आणि पाहुणे कुठले? गावाने 'पाहुण्यांना' कसं सांभाळलं याचं लेखभर कौतुक आहे. पाहुण्याला गावाचं आडनाव लागतं का? किहीमचे केहीमकर, झिराडचे झिराडकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. त्यांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून शेजारपाजारचे 'शनवार तेली' म्हणायचे. म्हणजे तेलीच, फक्त सुट्टीचा वार निराळा. 1796 साली मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) बांधणाऱ्याचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. मोठ्याने वाचून बघा, पाहुण्याचं वाटतंय का.

जाता जाता फोटोचं. लेख अलिबागचा आणि फोटो पुण्याच्या लाल देवळाचा, म्हणजे तिथल्या सिनेगॉगचा! ते डेव्हिड ससून यांनी बांधलेलं, बगदादहून आलेल्या ज्यूंचं. अलिबागचं सिनेगॉग, मागेन अबोथ, इस्रायल आळीत आहे. आपल्या प्रतिनिधीने आळीत एक चक्कर मारली असती, तर फोटोही मिळाला असता आणि कृतीही.

दुरुस्ती छापाल तेव्हा प्रमाण वरचंच घ्या. नारळ मोठा, हे गाळू नका.

– एक वाचक, अलिबाग