मेडिक्लेम बंद करून अमेरिकेला जाऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दांडिया बाजारातल्या अनेक घरांतले आजी-आजोबा थंडीत वडोद्यात आणि उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेत असतात. ग्रीन कार्ड हाती आलं की पहिली कुऱ्हाड पडते ती इथल्या मेडिक्लेमवर. कृपा करून असं करू नका! अमेरिकेतलं मेडिकेअर (तिथला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) भारतातल्या उपचारांचा खर्च सहसा देत नाही. शिवाय स्वतःची किंवा जोडीदाराची तिथे नोकरी झालेली नसेल, तर ते घेण्यासाठी आधी 5 वर्षं सलग तिथे राहावं लागतं, आणि हप्ताही भारी.

आमच्या शेजारच्या काकांचं इथलं सिम बंद पडलं. नूतनीकरणाचे मेसेज पोहोचलेच नाहीत, मुदत उलटली, पॉलिसी गेली. आता पंचाहत्तरीत, मधुमेह असताना, नव्याने कोण देणार? सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, पण त्याची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 5 लाख.

आणखी एक. इथे वर्षाहून जास्त राहायचं असेल, तर ग्रीन कार्डवाल्यांना री-एंट्री परमिटचा (अमेरिकेत परत येण्याच्या परवान्याचा) अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

परदेशातल्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे: आई-वडिलांचं तिकीट काढाल त्याच दिवशी पॉलिसीचा हप्ता ऑटो-डेबिटवर टाका आणि कंपनीकडे तुमचा ईमेल नोंदवा.

– एक ज्येष्ठ वाचक, दांडिया बाजार, वडोदरा