मीटर मोठा, पाइप गंजका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाणी कमी येतं ते लोक मोटारी लावतात म्हणून, असं कालच्या अंकात वाचलं. लावतात, नाही कोण म्हणतंय? पण त्याच बातमीत घरगुती नळजोडणी ‘१५ सेंमी’ची छापलीय. अहो, १५ सेंमी म्हणजे सहा इंच! तेवढा पाइप आमच्या अख्ख्या गल्लीलाही नाही. १५ मिमी, म्हणजे अर्धा इंच.

मी माची पेठेत चढाला राहतो. धार बारीक म्हणून मागच्या वर्षी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार केली, तर “काका, एक इंची मीटर घ्या, धो धो येईल” असा सल्ला मिळाला. घेतला. जादा पैसे भरले. बसवताना प्लंबरने जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप कापला, तर आत गंज साचून पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं! पाइप तोच ठेवून पुढे हा भला थोरला मीटर, म्हणजे सुतळीला नाडा जोडल्यातला प्रकार. पाइपच एक इंची घातला असता तर तोंड चौपट झालं असतं, पाणी त्याहून जास्त.

पुढची गंमत ऐका. पाणी यायच्या आधी हवा येते, तेव्हा मीटर गरगर फिरतो. पहिली पंधरा मिनिटं बरी जातात, मग २० लिटरच्या बादलीला वीस मिनिटं. इतक्या बारीक धारेवर मोठ्या मीटरचं चाक नीट फिरत नाही. रीडिंग कमी दिसलं, ‘मीटर नादुरुस्त’ असा शेरा पडला आणि सरासरीचं बिल आलं, आधीच्या दीडपट. म्हणजे मीटर त्यांच्याच सांगण्यावरून आणि दंड मला.

पाइपचा तुकडा पिशवीत घालून कार्यालयात नेला. साहेबांनी हातही लावला नाही. “फेरूलपासून पुढची लाइन तुमची,” म्हणाले. फेरूल म्हणजे रस्त्यातल्या मुख्य पाइपला आपली जोडणी बसते तो तुकडा. ठीक आहे, माझी. बदलायला गेलो तर रस्ता खोदाईचे पैसे आधी भरा. केबलवाल्यांनी दिवाळीत खोदलेला चर आमच्या दारात अजून तसाच आहे, परवा शेजारच्या आजी त्यात पडता पडता वाचल्या. त्याचे पैसे कुणी भरले, हे तुमच्या वार्ताहराने जरूर विचारावं.

कास धरणाची उंची वाढवली तेव्हा फोटो छापलेत, आनंद आहे. या तुकड्याचाही छापा. मी आणून देतो.

आपला,
एक जुना वाचक, सातारा