पैसे मोजणाऱ्यालाच कुलूप?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेमच्या चोरीचा विषय निघाला की 'धाडी टाका, कायदा कडक करा' असाच सूर लागतो. कायदा आहेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने चोरी रोखण्यासाठी लावलेलं डिजिटल कुलूप फोडणंही गुन्हा ठरलं. तरी हॉस्टेलमध्ये चोरीच्या गेमचे पेन ड्राइव्ह फिरायचे ते फिरतातच. म्हणून मला बोलायचं आहे ते गेम विकणाऱ्या कंपन्यांशी.

मुलगा दहावी पास झाला म्हणून त्याला साडेतीन हजारांचा गेम घेऊन दिला. लॅपटॉपवर उतरवला, चालवून पाहिला आणि मगच आम्ही संगमेश्वरजवळच्या गावी निघालो. तिथे पावसाने दोन दिवस नेट गायब. गेम एकट्याने खेळायचा, तरी कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय तो उघडेना. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. त्याच ओटीवर शेजारच्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर तोच गेम, क्रॅक केलेला म्हणजे कुलूप फोडलेला, व्यवस्थित चालू होता. माझा मुलगा काही बोलला नाही, त्याच्या शेजारी जाऊन बघत बसला. मला ते फार लागलं.

हा प्रकार जुनाच आहे. २०१० मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने 'असॅसिन्स क्रीड २' हा गेम खेळताना सतत नेट हवं अशी अट घातली. मार्चमध्ये त्यांचे सर्व्हर कोलमडले आणि अडकले ते पैसे भरलेले लोक.

उलट पोलंडमधलं उदाहरण बघा. तिथे वॉर्साच्या स्टेडियमवरच्या बाजारात चोरीच्या सीडी उघड उघड विकल्या जायच्या. सीडी प्रोजेक्ट ही तेव्हा परदेशी गेम आणून विकणारी छोटी कंपनी. तिने १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' पूर्ण पोलिश भाषेत आणला, नामवंत नटांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा, नियमांचं पुस्तक आणि संगीताची सीडी घातली. चोरबाजारात हे काहीच मिळत नव्हतं. लोकांनी रांगेने विकत घेतला. याच कंपनीने २०१५ मध्ये 'द विचर ३' संगणकासाठी कुलूप न लावता आणला. सगळ्या यंत्रांवर मिळून त्याच्या ५ कोटींहून अधिक प्रती खपल्या.

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीचे गेब न्यूएल म्हणतात, चोरीचा प्रश्न किमतीपेक्षा सेवेचा असतो. मला ते अर्धंच पटतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शंभर रुपयांच्या चोरीच्या सीडी मीही घेतल्या आहेत. ओरिजिनल मागितली तर दुकानदाराकडे नसायचीच, आणि असली तरी परवडायची नाही. २०१५ मध्ये स्टीमवर रुपयांत किमती आल्या, सेलमध्ये तीन-चारशेला चांगले गेम मिळू लागले, तेव्हा मी ते कायमचं सोडलं. आता नवा गेम पुन्हा चार-पाच हजारांवर गेला आहे. अमेरिकेतला भाव रुपयांत गुणून इथल्या पोरांपुढे ठेवायचा, हा काही धंदा नव्हे.

तरीही चोरीचं समर्थन मी करणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या गेम कंपनीची २०१७ ची लोकवर्गणी फसली, तरी त्यांनी नेटाने काम करून २०२० मध्ये 'राजी' आणला. असा गेम फुकट उतरवणं म्हणजे कष्टकऱ्याच्या ताटातलं उचलणं आहे.

एकट्याने खेळायच्या गेमला नेटची सक्ती नको. कुलूप लावायचंच असेल तर काही महिन्यांनी काढा. काही कंपन्या काढतातही. आणि सर्व्हर बंद करताना विकत घेतलेला गेम खेळता येईल अशी सोय ठेवा. युबिसॉफ्टने २०२४ मध्ये 'द क्रू' बंद केला, तेव्हा पैसे भरलेल्यांच्याही हाती काही उरलं नाही.

दिवाळीत मुलगा पुन्हा गेम मागेल. तो विकतच घ्यायचा, हे मी त्याला सांगणारच आहे. कंपनीने निदान तो गावीही उघडेल एवढं बघावं.

आपला,
एक वाचक, डोंबिवली