डाउनलोड गुणिले किंमत म्हणजे तोटा नव्हे

प्रति,
मा. वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: व्हिडिओ गेमची पायरसी, एम्युलेटर आणि कॉपीराइट कायद्याचे कलम ५२

महोदय,

कॉपीराइट कायदा, १९५७ आपल्या खात्याकडे येतो, म्हणून हे पत्र आपल्याला.

गेमच्या पायरसीने किती नुकसान झाले हे सांगताना सर्रास एकच गुणाकार केला जातो: किती वेळा फाइल उतरवली, गुणिले गेमची किंमत. हा गुणाकार का फसतो ते एका उदाहरणाने पाहा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा निन्टेंडो या जपानी कंपनीचा १९८५चा गेम जेमतेम ४० किलोबाइटचा आहे. फोनवर काढलेला साधा फोटो याहून कित्येक पट मोठा असतो. तो ज्यावर चालायचा त्या एनईएस या यंत्रासाठी अमेरिकेत निघालेले साडेसहाशेहून जास्त गेम मिळून एक झिप फाइल होते, आणि उतरवणारा निवडत बसत नाही, सगळी फाइलच घेतो. त्यातले आठ-दहा गेम उघडतो, दोन खेळतो. हिशेबात मात्र त्याने साडेसहाशे विक्री बुडवल्या! त्यातले बहुतेक गेम आज कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पायरसीने नुकसान होतच नाही, असा आमचा दावा नाही. ते कधी होते, हे महत्त्वाचे आहे. डेनुवो हे नक्कल रोखण्यासाठी संगणकावरच्या गेमना लावले जाणारे कुलूप. असे कुलूप लावलेल्या ८६ गेमचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गेम बाजारात आल्या आल्या कुलूप फुटले, तर एकूण उत्पन्नात सरासरी सुमारे २० टक्के घट येते. तेच कुलूप १२ आठवड्यांनंतर फुटले, तर सरासरी घट शून्य. म्हणजे तोटा आहे, खरा आहे, पण तो पहिल्या तीन महिन्यांत होतो.

दुसरा अभ्यास युरोपियन कमिशनने स्वतः पैसे मोजून करून घेतला. सहा देशांतल्या जवळपास ३० हजार लोकांना विचारून केलेला हा तीनशेहून अधिक पानांचा अहवाल २०१५ मध्ये तयार झाला आणि २०१७ मध्ये, युरोपियन संसदेच्या तेव्हाच्या सदस्य जुलिया रेडा यांनी मागितल्यावर, लोकांसमोर आला. नव्या गाजलेल्या चित्रपटांच्या बाबतीत पायरसीने विक्री घटल्याचे त्यात दिसले. गेमच्या बाबतीत आकडा उलटा निघाला: बेकायदा खेळणारे कायदेशीर खरेदीही जास्त करतात. या आकड्यावर आम्ही फार भार देणार नाही. लोकांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर तो उभा आहे, त्यातली चुकीची शक्यता मोठी आहे, आणि परिणाम सिद्ध झाला नाही म्हणजे परिणाम नाहीच असे नव्हे, हे तो अहवालच सांगतो. पण दोन्ही अभ्यास शेजारी ठेवल्यावर, वीस वर्षांपूर्वीच्या गेमच्या प्रतीला कालच आलेल्या गेमच्या प्रतीइतकाच गुन्हा मानण्याला आधार उरत नाही.

निन्टेंडोच्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ या गेमची गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगितली जाते. मे २०२३ मध्ये विक्रीला येण्याआधीच या गेमची फाइल बाहेर फुटली. तो दहा लाखांहून अधिक वेळा उतरवला गेला, असे निन्टेंडोने युझू या एम्युलेटरविरुद्धच्या (एका यंत्राचे गेम दुसऱ्या यंत्रावर चालवणाऱ्या प्रोग्रामविरुद्धच्या) दाव्यात म्हटले. मग पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. तोटा झाला की नाही? या दोन आकड्यांवरून दोघांपैकी कोणालाच काही सिद्ध करता येत नाही. युझूच्या खटल्याचे भांडवल करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की मार्च २०२४ मध्ये तो २४ लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. एम्युलेटर कायदेशीर की बेकायदा, यावर युक्तिवाद होऊन निकाल लागलाच नाही. असा निकाल हवा असेल तर २००० सालचा सोनी विरुद्ध कनेक्टिक्स पाहावा; कनेक्टिक्सने सोनीच्या प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवला होता. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तेव्हा सोनीच्या विरोधात कौल दिला होता, आणि तोही प्लेस्टेशन बाजारात विकले जात असताना.

एम्युलेटर म्हणजे रिकामा टेपरेकॉर्डर. कॅसेट तुम्ही आणायची. प्लेस्टेशन २चे घ्या. स्वतःच्या मालकीची डिस्क संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घालायची आणि तिची पूर्ण प्रतिमा काढायची. एका थराची डिस्क असेल तर ४.७ जीबीपर्यंत, दोन थरांची असेल तर ८.५ जीबीपर्यंत. मग त्या फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, काढून त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या डिस्कशी ताडून पाहायचा. जुळला नाही तर बहुतेक वेळा कारण ओरखडा असते. वेग कमी करून, नाहीतर दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा वाचले की अनेकदा काम भागते. यानंतर लागते यंत्राची ४ एमबीची बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा त्यातला मूळ प्रोग्राम. ती सोनीची मालमत्ता आहे, एम्युलेटरसोबत येत नाही, आपल्याच यंत्रातून उतरवावी लागते. लोक कंटाळतात ते इथे आणि फुकटच्या साइटकडे वळतात. कायद्याचा भंग झालाच तर तो तिथे होतो, एम्युलेटरमध्ये नाही. एम्युलेटरवर बंदी घालणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे.

आपला कायदा याबाबत अमेरिकेपेक्षा शहाणा आहे, हे आवर्जून सांगायला हवे. कलम ५२(१)(एए) बॅकअप प्रतीला परवानगी देते, (एडी) कायदेशीर मिळवलेल्या प्रतीवरून स्वतःच्या, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत काढू देते. २०१२च्या दुरुस्तीतले ६५ए कुलूप फोडणाऱ्याला शिक्षा सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने हेतू न पाहता कुलूप फोडणेच बेकायदा ठरते आणि दर तीन वर्षांनी सवलतींसाठी रांग लावावी लागते. तिथल्या ग्रंथालयांनी विक्रीत नसलेले गेम संशोधकांना दुरून पाहू देण्याची परवानगी मागितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीही नाकारली गेली. कोणत्याही व्यापार कराराच्या वाटाघाटीत ६५एमधला ‘हेतू’ हा शब्द कृपया सोडू नका.

अडचण जतनाची आहे. कलम ५२(१)(एन) सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवू देते, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘बिगर-डिजिटल’ प्रत असेल तरच. गेमची बिगर-डिजिटल प्रत कुठून आणायची? तो जन्मतःच डिजिटल. काही जुन्या कार्ट्रिजमध्ये (गेम असलेल्या डबीत) खेळणाऱ्याची प्रगती जपून ठेवायला नाण्याएवढी बॅटरी असते, ती पंधरा-वीस वर्षांत संपते. कॅपकॉम कंपनीच्या सीपीएस-२ या आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या) बोर्डांवर तर गेम उलगडण्याची किल्लीच बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत असते. बॅटरी गेली की पूर्ण बोर्ड मुका. २७ मार्च २०२३ला निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली, आणि केवळ तिथेच विकले जाणारे गेम त्या दिवसापासून पैसे देऊनही मिळेनासे झाले. अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के विक्रीत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजले.

आणि ज्यांना खरोखर पकडायला हवे ते ऑनलाइन बाजारात उजळ माथ्याने बसले आहेत. ‘दहा हजार गेम आत’ असे छापलेले हातात धरायचे स्वस्त यंत्र. आत बिनब्रँडचे मेमरी कार्ड, त्यावर एकच गेम पाच नावांनी, आणि फुकटात घेतलेला एम्युलेटर. त्यातल्या स्नेस९एक्ससारख्यांचा परवाना तर व्यापारी वापराला सरळ मनाई करतो. इथे पैसा हातोहात फिरतो, विक्रेता माहीत असतो, मालाचा फोटोही जाहिरातीत असतो. कारवाईला आणखी काय लागते?

तेव्हा मागणी एवढीच. ५२(१)(एन)मध्ये ‘बिगर-डिजिटल प्रत’ याऐवजी ‘कायदेशीर मिळवलेली प्रत’ असे शब्द घालावेत. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रती करण्याची ग्रंथालयांना (ओ)मध्ये जी मुभा आहे, तिथे ‘पुस्तक’ या शब्दापुढे ‘किंवा संगणक प्रोग्राम’ एवढी भर घालावी.

आपले,
जुन्या गेमच्या जतनाचे काम करणारे काही जण