गाण्याचा तास राखून ठेवल्याबद्दल

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

खरं तर हे पत्र मुलाच्या दप्तरातूनही पाठवता आलं असतं. पण विज्ञानाच्या शिक्षिकेचे आभार गाण्यासाठी मानायचे आहेत, तेव्हा म्हटलं, चार लोकांनी वाचलेलं बरं.

संगीताचे सर वर्षाच्या मध्येच शाळा सोडून गेले. त्यांना घराजवळ नोकरी मिळाली, एवढंच कारण. मोठ्यांना ते लगेच पटतं. मुलांना पटत नाही, कारण सर नोकरी करतात हे त्यांच्या डोक्यातच नसतं. ‘आम्ही नीट गात नव्हतो म्हणून गेले का?’ असं माझ्या मुलाने मला विचारलं. तुम्हालाही वर्गात कुणीतरी विचारलंच असणार, कारण दुसऱ्याच दिवशी तुम्ही सगळं सरळ सांगून टाकलंत: सर का गेले, आता काय शिकवतात, आणि परत येणार नाहीत. शेवटचं वाक्य बहुतेक मोठी माणसं गाळतात. ‘येतील हं कधीतरी’ म्हणून वेळ मारून नेतात आणि पोरं बिचारी दाराकडे बघत बसतात. तुम्ही तसं केलं नाहीत. उलट सरांना विचारून त्यांचा पत्ता फळ्यावर लिहिलात आणि ज्याला वाटेल त्याने पत्र लिहावं म्हणालात.

मग प्रश्न आला तासाचा. शिक्षक नसले की ऑफ तास, आणि ऑफ तास दिसला की गणित त्यात शिरलंच म्हणून समजा. (गणिताशी माझं वैर नाही. पण गणिताचे सर गेले असते तर तो तास कुणी गाण्याला दिला असता का?) तुम्ही तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन संगीताच्या खोलीत येऊन बसलात आणि म्हणालात, “मला गाता येत नाही. सरांनी काय काय शिकवलंय ते तुम्हीच मला सांगा.”

पुढचं मी मुलाकडून इतक्यांदा ऐकलंय की स्वतः तिथे असल्यासारखी सांगू शकते. मुलांनी अलंकार, म्हणजे सरावाच्या स्वररचना, एका वहीत लिहून काढले. भूप रागात मध्यम आणि निषाद येत नाहीत की ऋषभ आणि धैवत, यावर भांडण झालं, शेवटी एका मुलीने पेटी ओढली आणि सा रे ग प ध वाजवून सगळ्यांना गप्प केलं. तीनतालाच्या सोळा मात्रा तुम्ही त्यांच्याबरोबर मोजायला लागलात आणि नवव्या मात्रेला दणदणीत टाळी दिलीत. सगळा वर्ग ओरडला, “बाई, ती खाली! तिथे टाळी नाही!” सर गेल्यापासून वर्ग त्या दिवशी पहिल्यांदा हसला म्हणे. तुम्ही ती टाळी मुद्दाम दिली होती का, हे मला विचारायचं आहे, पण नका सांगू.

माझ्या मुलाचं दुखणं मात्र जरा वेगळं होतं. परिपाठात प्रार्थना तो सांगायचा. नेमके सर गेले त्याच सुमारास त्याचा आवाज फुटला. काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, सहज गाणारा मुलगा, वरचा सा लावायला गेला की आवाज चिरकायचा. ‘सर गेले आणि आवाजपण गेला’ असं म्हणून त्याने गाणंच टाकलं. घरी मी समजावलं, वडिलांनी समजावलं. पण आमचं ऐकणार कोण?

तुम्ही त्याला काहीच समजावलं नाहीत. गाण्याच्या तासाला प्रयोगशाळेतला सोनोमीटर (लाकडी पेटीवर ताणलेली तार, खालची घोडी सरकवून तिची लांबी कमी-जास्त करता येते) उचलून आणलात. तार साठ सेंटिमीटरवर ठेवून तो सा धरायला सांगितलात. ताण तोच ठेवून चाळीसवर सरकवल्यावर पंचम निघाला, पंचेचाळीसवर मध्यम, आणि बरोब्बर निम्म्यावर, तीस सेंटिमीटरला, तार सप्तकातला सा. मुलं आधी गाऊन स्वर लावत होती आणि मग तो तारेवर शोधत होती. लांबी वाढली की स्वर खाली येतो, हे सगळ्यांच्या कानांना पटल्यावर तुम्ही म्हणालात की या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, म्हणून आवाज खाली उतरतो. मुलग्यांचा जवळजवळ एक सप्तक, मुलींचाही थोडा. त्याच्याकडे पाहिलंतसुद्धा नाही, असं तो सांगतो. त्याबद्दल वेगळे आभार. तेराव्या वर्षी सगळ्यांदेखत आपल्याकडे कुणी पाहणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी त्याने पेटी काढली आणि काळी एकपासून खाली-वर करत आपला सा शोधत बसला. सूर अजून डगमगतो, वर गेला की अजूनही चिरकतो, पण आता तो ‘तार लांब झालीये’ म्हणून स्वतःच हसतो. सरांना पत्रात त्याने हेच कळवलं. सरांचं उत्तर आलं: जोर करून वर जाऊ नकोस, खर्जात सावकाश सूर लाव, आणि तुझ्या विज्ञानाच्या बाईंना माझा नमस्कार सांग. तो नमस्कार त्याने तुम्हाला सांगितला की नाही माहीत नाही, म्हणून इथे पोचवते.

आता नव्या मॅडम आल्या आहेत. त्यांची शिकवण्याची रीत वेगळी आहे आणि ‘आमचे सर असं नव्हते करत’ हे त्यांना रोज ऐकावं लागतं. चांगल्या आहेत, घेतील सांभाळून. मुलांनी लिहिलेली ती वही तुम्ही त्यांच्या हाती दिलीत, त्यामुळे अलंकारांच्या पहिल्या पानापासून सुरुवात करायची वेळ आली नाही. आणि हो, त्या तासाला तुम्ही आता येत नाही अशी वर्गाची तक्रार आहे. वह्या तपासायला कुठेतरी बसावं लागतंच, तर तिथेच बसा, एवढी विनंती.

आपली,
आठवीतल्या एका मुलाची आई